थंडरबर्ड : पत्रात डकवलेला फोटो मला दिसतो, समोरच्याला दिसत नाही

वेलमांडव | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, नमस्कार. विंडोज ११ वर थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम वापरते. तासगाव भागातल्या द्राक्षबागांना भेटी द्यायच्या आणि त्याचा अहवाल बागायतदारांना, तसंच माल घेणाऱ्या निर्यातदाराच्या गुणवत्ता विभागाला मेलने पाठवायचा, हे माझं काम. अहवालात मजकूर असतो आणि त्या त्या ठिकाणी फोटो. त्यातल्या फोटोंचं काहीतरी बिनसलंय.

ऑक्टोबर छाटणी झालेल्या बागा आता फुलोऱ्याकडे चालल्यात, त्यामुळे पावसाच्या अंदाजाला फार महत्त्व आहे. परवा एका हवामानाच्या साइटवरून रडारचं चित्र राइट क्लिक करून कॉपी केलं, पत्रात डकवलं आणि खाली लिहिलं, "आपल्या पट्ट्यावर ढग दाटलेत, डाऊनीसाठीची फवारणी पुढे ढकलू नका." (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.) बागायतदारांनी सकाळी मेल उघडला तर चित्रात आकाश निरभ्र. त्यांचा फोन आला, "ताई, तुम्ही लिहिलंय एक आणि चित्र दाखवतंय दुसरंच." माझ्या सेंट फोल्डरमध्ये उघडून बघितलं तर मलाही तेच निरभ्र चित्र! पाठवताना ते तसं नव्हतं, हे मी खात्रीने सांगते.

वर्डमधून अहवाल उचलून डकवला की मजकूर नीट येतो, पण फोटोंच्या जागी नुसत्या चौकटी राहतात आणि खिडकीच्या तळाशी एक पिवळी पट्टी येते. ऑफिसच्या दुसऱ्या खात्यातून तर फोटो डकवलाच जात नाही. कंट्रोल + व्ही दाबलं की काहीही होत नाही, चूक झाल्याचा निरोपसुद्धा येत नाही.

आणि जे मेल नीट बनतात ते एवढे जड होतात की कधी कधी परत येतात. फोनमधला फोटो २-३ एमबीचा असतो, मग पाच-सहा फोटोंत एवढं वजन कुठून येतं?

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. मोसम अंगावर आलाय.

---

दुपारचा चहा | सोमवार, रात्री ९:२५

फोटो अटॅच करून पाठवा ना. सोपं पडेल.

---

वेलमांडव | सोमवार, रात्री ९:४०

समजतंय तुमचं म्हणणं, पण इथे ते चालत नाही. एक फोटो पानाच्या वरच्या बाजूचा, त्यावर पिवळट तेलकट डाग. दुसरा त्याच पानाच्या खालच्या बाजूचा, तिथे पांढरी बुरशी. दोन्ही एकाखाली एक आणि शेजारी "प्लॉट ३, उत्तरेकडच्या ओळी" असं असेल तरच वाचणाऱ्याला कळतं की डाऊनी कुठे सुरू झालाय. अटॅचमेंटमध्ये सगळे फोटो आकड्यांच्या नावांनी एका रांगेत जातात. कुठलं पान कुठल्या प्लॉटमधलं, हे मग फोनवर सांगत बसावं लागतं. पुण्यात नोकरी करून गावच्या बागेवर लक्ष ठेवणारी मुलं आहेत, त्यांना तर वाचून लगेच निर्णय घ्यायचा असतो.

---

जुना खिळा | सोमवार, रात्री १०:०५

ताई, प्रश्न फार व्यवस्थित मांडलात, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. तुमच्या चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. एकेक घेतो.

रडारच्या चित्रापासून सुरू करू, कारण सगळ्यात घातक तेच आहे. ब्राउझरमध्ये चित्रावर राइट क्लिक करून 'कॉपी इमेज' म्हटलं की क्लिपबोर्डवर एक नव्हे, दोन गोष्टी जातात. एक प्रत्यक्ष चित्र आणि दुसरा एचटीएमएलचा (वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिचा) छोटा तुकडा, ज्यात त्या चित्राचा वेबवरचा पत्ता असतो. यातलं काय घ्यायचं ते डकवून घेणारा प्रोग्रॅम ठरवतो. थंडरबर्डची लिहिण्याची खिडकी एचटीएमएलची असल्यामुळे ती आधी एचटीएमएल उचलते. म्हणजे तुमच्या पत्रात चित्र आलंच नाही, त्याचा पत्ता आला. पाकिटात फोटो घालायच्या ऐवजी स्टुडिओचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी घालावी, तसं झालं हे.

आता रडारची चित्रं बहुधा एकाच पत्त्यावर असतात आणि थोड्या थोड्या वेळाने त्याच नावावर नवीन चित्र चढतं. तुम्ही लिहीत होतात तेव्हा त्या पत्त्यावर ढग होते. बागायतदारांनी सकाळी मेल उघडला तेव्हा त्यांच्या मशीनने त्याच पत्त्यावरून त्या वेळचं चित्र आणलं. तुमच्या सेंटमध्येही तोच पत्ता, म्हणून तिथेही निरभ्र.

खात्री करून घ्या. सेंटमधला तो मेल उघडून कंट्रोल + यू दाबा. मेलचा कच्चा मजकूर दिसेल. त्यात चित्राची ओळ शोधा, 'आयएमजी' आणि पुढे 'एसआरसी' असं असतं. त्यापुढे 'सीआयडी' आणि विसर्गासारखे दोन टिंब असतील तर चित्र मेलच्या आत बसलंय. 'एचटीटीपीएस' असेल तर फक्त पत्ता गेलाय. काय दिसतंय ते इथे लिहा.

---

वेलमांडव | सोमवार, रात्री १०:३०

बघितलं. रडारच्या चित्रापुढे एचटीटीपीएस आहे आणि त्या साइटचं नाव. त्याच ओळीत 'मॉझ-डू-नॉट-सेंड' असंही काहीतरी आहे, पुढे 'ट्रू'. त्याच मेलमध्ये स्निपिंग टूलने घेतलेला एक स्क्रीनशॉट होता, त्याच्यापुढे मात्र सीआयडी आहे.

---

जुना खिळा | सोमवार, रात्री १०:५०

हेच हवं होतं. 'मॉझ-डू-नॉट-सेंड' ही थंडरबर्डची स्वतःसाठीची खूण आहे : हे चित्र मेलसोबत जोडू नये, बाहेरच राहू द्यावं.

स्क्रीनशॉट नीट गेला, कारण स्निपिंग टूल क्लिपबोर्डवर फक्त चित्र ठेवतं. पत्ता नाहीच, तेव्हा थंडरबर्डपुढे दुसरा पर्याय नसतो. डकवलेलं चित्र लिहिताना पत्रातच साठवलं जातं आणि पाठवताना त्याचा वेगळा भाग करून त्याला ओळखक्रमांक दिला जातो. मजकुरात 'इथे अमुक क्रमांकाचं चित्र दाखव' एवढीच नोंद राहते. ही पद्धत कुण्या एका प्रोग्रॅमची नाही. १९९८ च्या आरएफसी २३८७ आणि २३९२ या दोन मानकांत ती लिहिलेली आहे, त्यामुळे जीमेल, आउटलुक, फोनवरचे मेल, सगळ्यांना कळते.

तुम्हाला दोन रस्ते आहेत. बदलत जाणारं कुठलंही चित्र (रडार, उपग्रह, बाजारभावाचा तक्ता) असेल तर विंडोज + शिफ्ट + एस दाबून स्क्रीनवरून कापूनच घ्या. त्या क्षणाचं चित्र गोठून तुमच्या पत्रात बसतं. स्थिर चित्र असेल तर डकवल्यावर त्यावर डबल क्लिक करा. 'इमेज प्रॉपर्टीज'ची खिडकी उघडते, तिथे चित्राचा पत्ता दिसतो आणि खाली 'अटॅच धिस इमेज टू द मेसेज' अशी चौकट असते. तिच्यात टिक करा. पाठवण्याआधी मी स्वतः प्रत्येक चित्रावर डबल क्लिक करून पत्ता बघतो. 'डेटा' या शब्दाने सुरुवात असेल तर चित्र आत आहे, निश्चिंत.

दर वेळी टिक करायचा कंटाळा असेल तर सेटिंग्ज → जनरलच्या अगदी तळाशी 'कॉन्फिग एडिटर' आहे. त्यात अटॅच_एचटीटीपी_इमेजेस (इंग्रजी अक्षरांत) शोधा. मूळ किंमत 'फॉल्स' असते, ती 'ट्रू' करा. पण रडारसाठी तरीही स्क्रीनशॉटच घ्या, ही कळकळीची विनंती. फवारणीचा निर्णय त्यावर ठरतो.

---

पेंग्विनपंथी | सोमवार, रात्री ११:१५

याला जोडून एक. पत्ता गेला की आणखी एक घोळ होतो : समोरच्याच्या मेल प्रोग्रॅममध्ये बाहेरची चित्रं अनेकदा अडवलेली असतात. थंडरबर्डही येणाऱ्या मेलमधली बाहेरची चित्रं आपणहून उघडत नाही आणि ते योग्यच आहे. जाहिरातवाले एका ठिपक्याएवढं चित्र घालून मेल कधी उघडला ते टिपून घेतात. त्यामुळे निर्यातदाराच्या ऑफिसात तुमचं चित्र रिकाम्या चौकटीसारखं दिसत असेल तर तिथल्या लोकांना सेटिंग बदलायला सांगू नका. चित्र आत घालून पाठवा.

---

वेलमांडव | मंगळवार, सकाळी ७:२०

जुना खिळा काका, रात्री लगेच करून बघितलं. स्क्रीनशॉट घेऊन स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवला, सकाळी उघडला, रात्रीचंच चित्र जसंच्या तसं आहे. फार मोठी काळजी मिटली.

आता वर्डचं सांगा. पिवळ्या पट्टीवर लिहिलंय की एक फाइल या पत्रात यायची अडवली आहे, अडथळा काढला तर ती पाठवलेल्या पत्रात जाईल. शेजारी एक बटण आहे. दाबू का? व्हायरस वगैरे नाही ना?

---

जुना खिळा | मंगळवार, सकाळी ८:४५

व्हायरस नाही. दाबा, पण आधी काय घडतंय ते बघून घ्या.

वर्डमधून मजकूर आणि फोटो एकत्र कॉपी केले की वर्ड त्याचं एचटीएमएल बनवतं. फोटो एचटीएमएलमध्ये बसत नाहीत, म्हणून ते तुमच्या संगणकाच्या टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये 'एमएसओएचटीएमएलक्लिप१' अशा नावाच्या कप्प्यात ठेवतं, नावं 'क्लिप_इमेज००२' अशा धर्तीची. डकवलेल्या मजकुरात जातो तो त्या कप्प्याचा पत्ता, 'फाइल' या शब्दाने सुरू होणारा.

थंडरबर्ड तो पत्ता बघून थांबतं आणि तुम्हाला विचारतं. या थांबण्यामागे चांगलं कारण आहे. समजा कुणी खोडसाळपणे तुम्हाला मेल पाठवला आणि त्यात तुमच्याच संगणकावरच्या एखाद्या फाइलचा पत्ता चित्र म्हणून लपवला. तुम्ही उत्तर दिलंत तर ती फाइल न कळत त्याच्याकडे पोचू शकते. म्हणून विचारल्याशिवाय थंडरबर्ड आपल्या संगणकावरची फाइल उचलत नाही. अशी पट्टी दुसऱ्याच्या मेलला उत्तर देताना आली तर मात्र बटणाला हात लावू नका, आधी इथे विचारा.

स्वतः वर्डमधून डकवलं असेल तर पट्टीवरचं बटण दाबून प्रत्येक फाइलचा अडथळा काढा. पट्टीच्या यादीत टेम्प फोल्डरचाच रस्ता आहे ना, तेवढं बघा. हे लगेच करायचं, कारण तो टेम्प कप्पा वर्ड केव्हाही साफ करू शकतं आणि मग पत्त्यावर काही उरत नाही.

त्यापेक्षा मला विचाराल तर वर्डमधून मजकूर उचला आणि फोटो मूळ फोल्डरमधून ओढून आणा. फाइल ओढत पत्राच्या खिडकीवर आणली की थंडरबर्ड दोन जागा दाखवतं : एक अटॅचमेंटसाठी, दुसरी मजकुराच्या आत घालण्यासाठी. दुसरीवर सोडा.

---

फडताळ | मंगळवार, सकाळी १०:१०

ऑफिसच्या खात्यातून काहीच डकवलं जात नाही, त्याचं कारण माझ्या मते साधं आहे. ते खातं प्लेन टेक्स्टवर असणार. अकाउंट सेटिंग्ज → ते खातं → कंपोझिशन अँड अ‍ॅड्रेसिंग, तिथे 'कंपोझ मेसेजेस इन एचटीएमएल फॉरमॅट' या ओळीवरची टिक गेलेली असेल. ही टिक दर खात्याला वेगळी असते, म्हणून एका खात्यात चालतं आणि दुसऱ्यात नाही. लिहिण्याच्या खिडकीत ठळक, तिरपं, रंग वगैरेची बटणांची ओळ दिसत नसेल तर प्लेन टेक्स्ट समजायचं. त्यात चित्राला जागाच नसते.

एकाच पत्रापुरतं हवं असेल तर शिफ्ट दाबून धरून 'राइट' किंवा 'रिप्लाय'वर क्लिक करा. खात्याला जे ठरलंय त्याच्या उलट प्रकारचं पत्र उघडतं.

---

वेलमांडव | मंगळवार, सकाळी १०:३०

टिक नव्हतीच! केली आणि लगेच चाललं. फडताळ, मनापासून आभार.

---

टाइपरायटर | मंगळवार, दुपारी १:१५

धागा वाचतोय. आमच्याकडे क्लासिक आउटलुक आहे आणि उलटीच तक्रार आहे : लिहिताना मला चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात, पण समोरच्याला चित्रं नीट पोचतात. हे काय असावं?

---

फडताळ | मंगळवार, दुपारी १:४०

फाइल → ऑप्शन्स → मेल → एडिटर ऑप्शन्स → अ‍ॅडव्हान्स्ड. खाली सरकत जा, 'शो पिक्चर प्लेसहोल्डर्स' अशी ओळ सापडेल, तिची टिक काढा. आउटलुकचं लिहिण्याचं पान म्हणजे आतून वर्डच असल्यामुळे वर्डची ही सोय तिथे आली आहे. जड चित्रांमुळे पान अडखळू नये म्हणून चौकटी दाखवायची ती सोय.

---

पेंग्विनपंथी | मंगळवार, दुपारी २:३०

लिनक्सवाल्यांसाठी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी शोधत आलं तर सापडेल. उबंटू २४.०४ पासून थंडरबर्ड स्नॅप (बाकी संगणकापासून वेगळं ठेवलेलं पॅकेज) स्वरूपात येतं. स्नॅपला स्वतःचं वेगळं टेम्प फोल्डर मिळतं, तुमच्या नेहमीच्या टेम्पमधलं त्याला दिसत नाही. घरातल्या, टिंबाने नाव सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरांतही त्याला सहसा जाता येत नाही. स्क्रीनशॉट अशा ठिकाणी साठवून तिथून ओढला तर चित्र येत नाही आणि माणूस उगाच सेटिंग्ज उपसत बसतो. चित्र 'पिक्चर्स'मध्ये ठेवा आणि तिथून ओढा.

दुसरं, लिनक्सवर कॉपी केलेली गोष्ट ज्या प्रोग्रॅमने कॉपी केली त्याच्याच ताब्यात असते. क्लिपबोर्ड सांभाळणारा वेगळा प्रोग्रॅम नसेल तर स्क्रीनशॉटची खिडकी बंद केल्यावर डकवायला काही राहत नाही. आधी डकवा, मग खिडकी बंद करा.

---

वेलमांडव | मंगळवार, सायंकाळी ६:५०

वजनाचं राहिलं. आज फोटो फोटो-व्ह्यूअरमध्ये उघडून कॉपी केले आणि डकवले. सहा फोटो. मेल परत आला, आकार मर्यादेबाहेर.

---

जुना खिळा | मंगळवार, रात्री ८:००

कारण त्या 'कॉपी'तच आहे. फोनचा फोटो जेपेग असतो, म्हणजे दाबून लहान केलेला. व्ह्यूअरमधून कॉपी केला की तो पूर्ण उलगडून क्लिपबोर्डवर जातो. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके, दर ठिपक्याला ३ बाइट, झाले ३६ एमबी. डकवताना थंडरबर्ड त्याचं पीएनजी बनवतं. पीएनजी एकही ठिपका बदलत नाही, त्यामुळे स्क्रीनशॉटसाठी उत्तम, पण पानं, माती, सावल्या असलेल्या फोटोला ते फारसं लहान करू शकत नाही. तुमचा २-३ एमबीचा फोटो त्याच्या कितीतरी पट होऊन बसतो.

त्यात मेलचा स्वतःचा वाढावा धरा. मेलमधून जाताना प्रत्येक ३ बाइटची ४ अक्षरं होतात, म्हणजे वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढतं. जीमेलची पाठवण्याची मर्यादा २५ एमबी आहे, आणि या वाढाव्यामुळे मेलसेवांच्या अशा मर्यादा लवकर भरू शकतात.

म्हणून फोटो कॉपी करूच नका. फाइलच ओढून मजकुरात सोडा किंवा इन्सर्ट → इमेज करून निवडा. मग मूळ जेपेग जसा आहे तसा जातो. आणि पत्रात घातल्यावर कोपरा ओढून चित्र लहान केलंत तर फक्त दिसायला लहान होतं, बाइट तेवढेच राहतात. खरंच लहान करायचं तर आधी फोटो-व्ह्यूअरच्या 'रीसाइज'मधून १६०० ठिपके रुंदीचा करून वेगळा साठवा. तेलकट डाग त्यातही स्पष्ट दिसतात. बुरशीचा बारकावा दाखवायचा असेल तर अख्खा फोटो न घालता तेवढाच भाग कापून घाला.

आयफोनवरून फोटो येत असतील तर ते एचईआयसी प्रकारचे असू शकतात, जे सगळीकडे दिसत नाहीत. आयफोनच्या सेटिंग्ज → कॅमेरा → फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलं की जेपेग मिळतात.

---

ऐकीव | मंगळवार, रात्री ९:२०

मी डोळ्यांनी बघू शकत नाही, एनव्हीडीएने (स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने) मेल ऐकतो. माझीही वडिलोपार्जित बाग आहे, भाऊ कसतो. असे अहवाल मलाही येतात आणि फोटोच्या जागी मला फक्त 'ग्राफिक' एवढंच ऐकू येतं. मजकुरात लिहिलेलं असतं, "खालच्या फोटोत दिसतंय तसं." काय दिसतंय ते मला कुणीतरी वाचून सांगेपर्यंत कळत नाही.

काकांनी सांगितलेल्या त्याच इमेज प्रॉपर्टीजच्या खिडकीत 'ऑल्टरनेट टेक्स्ट' अशी जागा असते. तिथे एक ओळ लिहिलीत, "पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी, तीन ठिकाणी", तर ती मला मजकुराच्या ओघात ऐकू येते.

---

वेलमांडव | मंगळवार, रात्री ९:४५

ऐकीव दादा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. उद्याच्या अहवालापासून प्रत्येक फोटोला ओळ लिहीन. फोटो अडवलेला असला तर तीच ओळ चौकटीत दिसेल ना?

---

जुना खिळा | मंगळवार, रात्री १०:००

हो, बहुतेक प्रोग्रॅम चौकटीत तीच ओळ दाखवतात. म्हणजे कुठल्याही कारणाने चित्र पोचलं नाही तरी निदान त्यात काय होतं ते पोचतं.

---

वेलमांडव | बुधवार, दुपारी ४:१५

आजचा अहवाल गेला. आठ फोटो, सगळे ओढून घातलेले, १६०० रुंदीचे. रडारचा स्क्रीनशॉट वर, त्याखाली तो घेतल्याची वेळ लिहिली. प्रत्येक फोटोला ऑल्टरनेट टेक्स्ट. कंट्रोल + यू करून सगळीकडे सीआयडी असल्याचं बघितलं. निर्यातदाराकडून उत्तर आलं की फोटो जागच्या जागी दिसताहेत, प्लॉट ३ ला उद्याच माणूस पाठवतो.

एक शेवटचं : स्वाक्षरीत ऑफिसचा लोगो आहे, तोही काहींना दिसत नाही. त्यालाही हेच लागू होईल?

---

फडताळ | बुधवार, सायंकाळी ५:०५

हेच. स्वाक्षरीच्या एचटीएमएलमध्ये लोगोचा वेबवरचा पत्ता असेल तर तो अडतो. नवीन पत्र उघडून लोगोवर डबल क्लिक करा, पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होतोय का बघा. तसं असेल तर लोगोची फाइल उतरवून घ्या, रिकाम्या पत्रात ओढून स्वाक्षरी नव्याने मांडा, ते पत्र एचटीएमएल फाइल म्हणून साठवा आणि अकाउंट सेटिंग्जमध्ये 'अटॅच द सिग्नेचर फ्रॉम अ फाइल' या जागी तीच फाइल द्या. लोगो मात्र छोटा घ्या, तो प्रत्येक पत्राबरोबर जाणार आहे.